अभिप्राय द्यायचाय? आधी एक जागा शोधा

दिवाळी उरकली की कोकणातल्या बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना सुरू होते. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने एकेक अंक घरी नेऊन वाचायचा. वाचनाची सवय इकडे जुनीच. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. दिवाळी अंकाची चाल ज्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पाडली, त्याचे संपादक का. र. मित्र हेही मूळचे आजगावकर, म्हणजे सावंतवाडीकडचेच. तेव्हा वाचतो आपण भरपूर. पण वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याला चार ओळी कळवायच्या म्हटलं की हात आखडतो. "आम्ही काय सांगणार, आम्ही थोडेच समीक्षक?" हे वाक्य वाचनालयाच्या टेबलापाशी मी कायम ऐकते.

समीक्षक कुणी मागितलाच नाहीये. देवगड, राजापूर, दापोलीकडचा एखादा नवा लेखक जिल्ह्यातल्या अंकात पहिल्यांदा लिहितो, तेव्हा त्याला मानधन मिळालं तर नावापुरतं मिळतं. अंक छापून आला की नातेवाईक मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवतात, अभिनंदनाचे अंगठे येतात. आतलं कुणी वाचलं का, हे त्याला कळतच नाही. ते कळवणं एवढंच आपलं काम. मात्र ते नीट करायला थोडी मेहनत पडते. आजवर कुणालाच अभिप्राय न कळवलेल्यांसाठी ती मेहनत कशी करायची ते सांगते.

आधी नुसतं वाचा

पहिल्या वाचनात अभिप्रायाचा विचारच करू नका. काय लिहायचं हे मनात घोळवत वाचलं की डोळा मजकुरावर राहत नाही, आपल्या वाक्यांवर जातो. एकदा सरळ शेवटपर्यंत जा. मग अंक मिटा, चहा करा, मधे रात्र गेली तर उत्तमच.

दुसऱ्या वाचनाला कागदाची चिठ्ठी जवळ घ्या. (वाचनालयाच्या अंकात पेन्सिल चालवू नका. तुमच्यानंतर तो अंक आणखी कितीतरी घरं फिरणार असतो, आणि प्रत्येक पानावर कुणाच्या तरी 'वा!'च्या खुणा सोसाव्या लागतात.) चिठ्ठीवर मतं लिहायची नाहीत. पान क्रमांक आणि लेखकाचेच दोन-चार शब्द, बस. कविता असेल तर मोठ्याने वाचा, निदान ओठ हलवून तरी. डोळ्याला नुसती सपाट दिसलेली ओळ कित्येकदा जिभेवर आल्यावर कळते.

जागा शोधायची म्हणजे काय

सगळा मामला या एका पायरीवर आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

अख्ख्या लेखाबद्दल बोलायला गेलात की तोंडातून ठोकळेबाज विशेषणंच निघतात. ओघवती शैली, हृदयस्पर्शी लेखन, चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. यातलं काहीच खोटं नसतं, पण ते कुणालाही लागू पडतं. त्यापेक्षा लेखातली एकच जागा धरा: एक वाक्य, एक प्रसंग, एखादा शब्द, दोन परिच्छेदांमधलं वळण.

समजा, रापणीवर एक लेख आहे. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि किनाऱ्यावरची माणसं जाळ्याची दोन्ही टोकं ओढून घेतात, ती रापण. लेखकाने त्यात असं लिहिलंय:

"दोर ओढताना आजोबा कधी समुद्राकडे बघत नसत. दोर खांद्यावर, पाय वाळूत रोवलेले आणि तोंड माडांकडे. जाळ्यात काय आलं ते त्यांना किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर आधी दिसायचं."

आता हा एक अभिप्राय पाहा: "खूप सुंदर लेख! आजोबांचं व्यक्तिचित्र अप्रतिम. कोकणच्या मातीचा गंध आहे. असेच लिहीत राहा."

आणि हा दुसरा: "आजोबा समुद्राकडे पाठ करून ओढतात आणि मासळी आली की नाही ते बायकांच्या चेहऱ्यावर वाचतात, तिथे मी थांबले. रापण मी लहानपणापासून बघते, पण नेहमी काठावर उभी राहून. ओढणाऱ्याला काय दिसत असेल हे कधी मनातच आलं नाही. शेवटी आजारपणात तुम्ही त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवलंय, ते मुद्दाम का?"

पहिला अभिप्राय आंब्याच्या बागेवरच्या लेखालाही चालेल आणि शिमग्याच्या आठवणींनाही. म्हणून पाठवण्याआधी एक चाचणी करायची. आपण लिहिलेल्या मजकुरातलं लेखकाचं नाव बदलून तो दुसऱ्याच कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर अभिप्राय अजून तयार नाही, परत लेखाकडे जा.

दुसऱ्या अभिप्रायात कसलंही पांडित्य नाही. लेखातली जागा दाखवली, तिथे वाचणारीचं काय झालं ते सांगितलं आणि एक गोष्ट विचारली. लेखकाला यातून जे कळलं ते त्याला स्वतःचा लेख शंभरदा वाचूनही कळलं नसतं, कारण पाठ फिरवण्याची ती दोन चित्रं एकमेकांना जोडली जातात हे त्याच्याही ध्यानात आलं नसण्याची शक्यता असते.

जागा सापडत नाही ही नेहमीची तक्रार. ती सापडण्याच्या काही खुणा आहेत. जिथे मागे जाऊन वाक्य परत वाचलंत, ती एक. कंटाळा येऊन पान उलटलंत, तीही जागाच आहे. कंटाळा नेमका कुठे सुरू झाला हे लेखकाला उपयोगी पडतं, फक्त ते सांगण्याची रीत वेगळी, तिच्याकडे पुढे येते. राग आला असेल तर तोही सोडू नका. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे रात्री जेवताना घरच्यांना तुम्ही त्या लेखातलं जे काही सांगितलंत ते. "अगं, आज एक वाचलं" म्हणून जे तोंडून निघतं, तीच तुमची जागा. अभिप्रायाची सुरुवात तिथूनच करा.

दोन्ही वाचनांत काहीच हाताला लागलं नाही तर अभिप्राय देऊ नका. तो काही देण्याघेण्याचा व्यवहार नाही.

प्रश्न एकच, पण खरा

मालवणी मुलखात तोंडावर स्तुती करायची फारशी पद्धत नाही. "बरा आसा" म्हणजे वरचा नंबर, त्याच्या पलीकडे माणूस जात नाही. पण प्रश्न विचारण्यात आपली माणसं तरबेज. गावच्या वाचनालयातल्या बैठकीत एका मुलीने आजीवर लिहिलेलं वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या, दोघा-तिघांनी भाषणं केली. शेवटी मागच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "बरा लिवलंस गो. पण आजयेचा नाव कित्याक नाय सांगलंस?" अख्ख्या लेखात आजीचं नाव नव्हतं, ती सगळीकडे कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको होती. मुलीने ते ठरवून केलेलं होतं आणि तिथपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं. आजोबांच्या एका प्रश्नाने तिला बोलायला वाट मिळाली.

प्रश्न खरा असला पाहिजे, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत नसलं पाहिजे आणि हवंही असलं पाहिजे. "शेवट थोडा घाईत झाला असं तुम्हाला नाही वाटत?" हा प्रश्न नाही, मत आहे. मत असेल तर मत म्हणूनच द्या. दुसरं म्हणजे प्रश्नांची फैर झाडू नका. पाच प्रश्न आले की लेखकाला मौखिक परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि तो एकाचंही उत्तर देत नाही. पाचांतला ज्याचं उत्तर ऐकायला तुम्ही खरंच थांबाल, तेवढा ठेवा.

"ही गोष्ट खरी घडली का?" हा प्रश्न मात्र टाळा, निदान कथा-कवितेच्या बाबतीत. लहान गावात तर टाळाच. कथेतली सून म्हणजे कोणाची सून, हे शोधण्यात गावाला रस असतो. तुम्ही त्यात भर घालायचं कारण नाही.

आपलं घोडं दामटू नका

"तुमचा लेख वाचून मला माझ्या आजोळची आठवण आली" इथपर्यंत ठीक. त्यापुढे आजोळचा तपशील, मामाच्या विहिरीची खोली, मे महिन्यातले फणस, असा दीड पानाचा मजकूर आला की तो तुमचा स्वतंत्र लेख झाला. तो जरूर लिहा, पण वेगळा. अभिप्रायात आपली आठवण एका वाक्यात बसवावी, आणि तीही लेखातल्या जागेशी बांधलेली असावी.

मोठ्या लेखकांची नावं घेऊन तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे. वेंगुर्ल्याकडचा मुलगा कविता लिहायला लागला की त्याला लगेच आरती प्रभू आणि पाडगावकर ऐकवले जातात, कारण दोघेही तिकडचेच. रत्नागिरीकडे असेल तर मालगुंडच्या केशवसुतांचं नाव येतं. सांगणाऱ्याला वाटतं आपण मान दिला. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही, उलट त्याच्या कवितेत जे त्याचं स्वतःचं होतं ते बोलायचं राहून जातं.

चूक दिसली तर

माहितीची चूक आणि मत न पटणं, या दोन निराळ्या गोष्टी. आधी चुकीचं बघू.

कथेत मार्गशीर्षात अंगणभर आमसुलं वाळत घातलीत. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात चैत्र-वैशाखात, आमसुलं होतात पावसाच्या आधी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पक्कं ठाऊक असतं. किंवा ऐन जुलैत ट्रॉलर मासेमारीला निघालाय, जेव्हा यांत्रिक नौकांना बंदी असते आणि बंदरात सगळे ट्रॉलर शाकारून ठेवलेले असतात. अशा वेळी चारचौघांत "तुम्ही कोकणात राहता की नाही?" असं विचारणारे महाभाग असतात. तसं करू नका. लेखकाला एकट्याला सांगा आणि आपलंही चुकत असू शकेल एवढी फट ठेवा. "आमच्याकडे रातांबे वैशाखात, म्हणून मार्गशीर्षातली आमसुलं वाचताना अडखळले. तुमच्याकडे बरणीतली जुनी आमसुलं परत उन्हात घालतात का?" घालत असतील तर तुम्हाला नवीन माहिती मिळाली. नसतील तर लेखक पुस्तकाच्या वेळी दुरुस्त करील. दोन्हीकडे कुणाचा अपमान झाला नाही.

बोलीच्या बाबतीत दहादा विचार करा. पात्र 'पानी' म्हणत असेल, 'माका', 'तुका' म्हणत असेल तर ते शुद्धलेखनाचं काम नाही, ते त्या पात्राचं तोंड आहे. मालवणी, संगमेश्वरी, दालदी, चित्पावनी अशा कितीतरी बोली या पट्ट्यात आहेत आणि एकाच तालुक्यात खाडी ओलांडली की हेल बदलतो. तुमच्या वाडीत तसं बोलत नाहीत एवढ्यावर ते चूक ठरत नाही. निवेदनात खरंच टंकलेखनाच्या चुका असतील तर त्यांची यादी अभिप्रायाच्या पोटात घालू नका. वेगळी कळवा, तीही लेखकाने मागितली तर.

आणि आपण संपादक नाही हे विसरू नका. कुडाळात खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची, म्हणजेच आरती प्रभूंची, कविता ज्या 'सत्यकथे'ने छापली तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, एकेका जागेबद्दल बारकाईने विचारीत. पण ते मासिक चालवत होते, लेख त्यांच्या हातात छापण्याआधी येत होता. तुमच्या हातात छापून झालेला अंक आहे. "दुसरा परिच्छेद काढला असता तर बरं झालं असतं" या सूचनेचं लेखकाने आता करायचं काय? कंटाळा आला असेल तर आपला कंटाळा सांगा: "बाजाराच्या वर्णनात माझं लक्ष सुटलं आणि भांडण सुरू झाल्यावर परत आलं." दुरुस्ती काय करायची ते लेखकाचं लेखक बघेल. कुणी छापण्याआधी मजकूर वाचायला दिला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हाही आधी विचारून घ्या की त्याला नेमकं काय हवंय, दुरुस्त्या हव्यात की नुसता धीर.

पटलं नाही तर

समजा, चाकरमान्यांवर लेख आहे. मुंबईला गेलेली माणसं गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उगवतात, वर्षभर घरं बंद, वाटण्या अडकलेल्या, आणि वर गावात कसं वागावं हे गावकऱ्यांनाच शिकवतात. तुमचा भाऊ परळ-लालबागला आयुष्य काढलेला. लेख वाचून तुमचं डोकं तापलंय.

लगेच काही पाठवू नका, हे सांगायला नकोच. नंतरची पायरी महत्त्वाची. आधी लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत एका-दोन वाक्यांत मांडा, असं की वाचून लेखक म्हणेल, "हो, हेच मला म्हणायचं होतं." रत्नागिरीकडे जाखडी या लोकनृत्यात शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. समोरच्याचा सवाल नीट न ऐकता जवाब देणाऱ्या शाहिराची तिथे कशी फजिती होते, ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणणं मांडल्यानंतर आपला मुद्दा. एकच. आणि शक्यतो लेखात न आलेली माहिती घेऊन: "बंद घरांचं तुमचं दुःख मला कळतं, आमच्या वाडीतही तीच गत. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी माझा भाऊ रात्रभर एसटीने यायचा आणि चार दिवसांतले दोन प्रवासात जायचे. त्या काळात सुटलेली सवय नंतर गाडी आली म्हणून परत लागत नाही. हा भाग लेखात यायला हवा होता असं वाटलं." यात लेखकाला खोटं पाडलेलं नाही. त्याच्या चित्रात न दिसणारं एक घर दाखवलंय. तो मान्य करील किंवा करणार नाही. न केलं तर तिथेच थांबा. दुसऱ्या पत्रापासून वाद सुरू होतो आणि तिसऱ्यात दोघांनाही मूळ लेख आठवत नाही.

जत्रेतल्या कलावंताला

छापील मजकुराबद्दल एवढं बोलले, पण दक्षिण कोकणात कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की आपण जास्त वेळ दशावतारासमोर बसलेलो असतो. तिथे तर अभिप्रायाची खरी गरज. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे बोलतात. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपला की रात्रीतला उत्तम संवाद हवेत गेलेला असतो. ज्याने म्हटला त्यालाही तो पुढच्या जत्रेत तसाच आठवेल असं नाही. तो प्रेक्षकाच्या कानातच उरतो. म्हणून कलावंताला "काम झकास झालं" सांगण्यापेक्षा त्याचंच एखादं वाक्य त्याला परत द्या. जमेल तितकं शब्दाला शब्द.

बक्षिसाचे पैसे देऊन माइकवरून नाव पुकारून घेणं ही जत्रेतली रीतच आहे, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पण पैशाबरोबर एक वाक्य द्यायला काय हरकत आहे? आणि पेटीवाला, पखवाजवाला, झांजवाला यांच्याकडे कुणीच जात नाही. "द्रौपदीने सभेत विचारलं त्यानंतर पखवाज एकदम थांबला. ते ठरलेलं होतं की तसं जमून गेलं?" असं विचारून बघा, माणूस खुलून बोलतो.

वेळ मात्र सांभाळा. तोंडावरचा रंग उतरवत असलेल्या, रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला गाठू नका. "रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हण दशावतारी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायचे तेव्हाची. आता टेम्पो आला, तरी आज रात्री दुसऱ्या गावात खेळ असतोच. रंगाला बसण्याआधी संध्याकाळी पाच-दहा मिनिटं मिळतात, ती बरी.

न बोललेलं बरं

काही लेखनावर कारागिरीबद्दल बोलू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत पाणी शिरलं, वाचनालयातली पुस्तकंसुद्धा भिजून गेली. त्या रात्रीवर कुणी लिहिलं असेल, घरातल्या माणसाच्या जाण्यावर लिहिलं असेल, तर शेवटचा परिच्छेद कसा जमला हे सांगणं क्रूर वाटतं. तिथे जागा दाखवा आणि थांबा. "कपाटातल्या भिजलेल्या लग्नाच्या अल्बमचं वाचलं. ते माझ्याजवळ राहील." प्रश्नही नको.

पाठवायचं कसं

सहा ते दहा वाक्यं पुरतात. पोस्टकार्ड अजून मिळतं आणि त्याच्या मापात बरोबर तेवढंच बसतं, म्हणून नव्या लोकांना मी तेच सुचवते. व्हॉट्सॲपवर लिहायचं तर स्वतःच्या शब्दांत लिहा, अंगठा आणि फुलांचा गुच्छ मोजणीत धरू नका. सुरुवातीलाच आपण कोण, कुठल्या गावचे आणि कुठल्या अंकात वाचलं ते सांगा. एकाच दिवाळीत लेखकाचे तीन लेख तीन अंकांत असू शकतात.

'तुम्ही' म्हणा. लेखक वयाने तुमच्या मुलाएवढा असला आणि ओळखीचा नसला तरी 'तुम्ही'च. ओळख असेल तर नेहमीसारखं काका, काकी, ताई, गुरुजी. बैठकीत सगळ्यांसमोर बोलताना मात्र घरची सलगी जरा बाजूला ठेवा. "आमची ही चिमी एवढुशी होती, आता कविता करायला लागली" या वाक्यानंतर चिमीच्या कवितेबद्दल कुणी गंभीरपणे बोलत नाही.

बैठकीत वाचनानंतर लगेच बोलायचं असतं, दोनदा वाचायची सोय नसते. त्यामुळे ऐकतानाच लेखकाचे चार शब्द जसेच्या तसे टिपून घ्या आणि बोलायची पाळी आली की आधी ते म्हणून दाखवा. अध्यक्ष असाल तर सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प राहा. अध्यक्षांनी मत दिलं की बाकीच्यांची मतं त्याच रंगाची होतात, आणि मागच्या बाकावरचे आजोबा तर तोंडच उघडत नाहीत.

उत्तर येईलच असं धरून चालू नका. आलं तर त्यातल्या प्रश्नाला उत्तर द्या, आभाराला आभार जोडत बसू नका. लेखकाने फोन करून तासभर गप्पा मारल्या तर मारू द्या, कोकणातल्या माणसाला ऐकणारा मिळाला की असं होतं. त्याच आठवड्यात आपल्या कवितांची वही मात्र त्याच्याकडे पाठवू नका. ती पाठवायचीच असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत धीर धरा. आणि लेखाखाली नंबर छापलाय म्हणून दुपारी एक ते चारच्या मधे फोन लावू नका, लेखक देवगडचा असो नाहीतर दादरचा.